शिवणीतून येणारा पाऊस

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी सगळ्यात शेवटी निघतो तो रेनकोट. हस्ताचा पाऊस सरला की तो चिखलासकट गुंडाळून डिक्कीत कोंबलेला असतो. नवरात्र होतं, दसरा होतो, ऑक्टोबरचं ऊन डिक्कीवर तापत राहतं आणि वसुबारसेच्या आसपास कुणीतरी झाकण उघडतं. आधी वास येतो. उलगडायला जावं तर प्लॅस्टिकच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या. ओढलं की वरचा पापुद्रा सुटून येतो. मग 'जाऊ दे, जूनमध्ये नवीन घेऊ' म्हणत तो भंगारवाल्याच्या ढिगात जातो. अशा पाच-सहा रेनकोटांची मला आठवण आहे. म्हणूनच पावसाळी कपड्यांवर लिहायला मी दिवाळी निवडली. पुढच्या जूनमध्ये आपण भिजणार की नाही, त्याचा बराचसा निकाल याच दिवसांत लागतो.

मी धुळ्याचा. वार्ताहर म्हणून गेली अनेक वर्षं धुळे ते जळगाव हा रस्ता मोटारसायकलने करतो आहे. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, मग बांभोरीला गिरणेचा पूल आणि जळगाव. साधारण नव्वद किलोमीटर. पूर्वी याला सगळे सहा नंबरचा हायवे म्हणायचे, आता कागदावर तो त्रेपन्न आहे. सुरतेहून निघालेले ट्रक याच रस्त्याने नागपूरकडे जातात. तरसोद ते फागणे या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललं, त्या काळात पावसाळ्यात इथून दुचाकी चालवणं म्हणजे वरचं पाणी आणि शेजारच्या ट्रकच्या चाकाचं पाणी अशी दोन पाणी एकदम अंगावर घेणं होतं. वरचं पाणी निदान स्वच्छ असतं.

खानदेशात रेनकोटाचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आपल्याकडे पाऊस तो किती! आकडे बघितले तर ते खरंही वाटतं. जळगाव जिल्ह्याचं वर्षाचं सरासरी पाऊसमान साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात, धुळ्याचं त्याहून कमी. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. सह्याद्रीच्या पलीकडे ढग रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला उरलेलं येतं. चार महिन्यांतले बहुतेक दिवस कोरडे जातात, मग तेवढ्यासाठी हजार-दीड हजार रुपये कोण घालणार? तीनशे रुपयांचा प्लॅस्टिकचा सूट घ्यायचा किंवा तोही न घेता झाडाखाली, पुलाखाली थांबायचं.

पण सरासरीने माणूस भिजत नाही. तो भिजतो त्या दिवशी पडणाऱ्या पावसाने. आपल्याकडे पंधरा-वीस दिवस आभाळ नुसतं दाटून राहतं आणि मग एका रात्रीत नाले रस्त्यावर येतात. ३१ ऑगस्ट २०२१ ची सकाळ चाळीसगावकर विसरणार नाहीत. रात्रभराच्या पावसाने तितूर आणि डोंगरी या नद्या शहरात शिरल्या आणि कन्नडच्या घाटात, म्हणजे औट्रम घाटात, दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. असा पाऊस रोज येत नाही, पण येतो तेव्हा दुचाकीवाला कुठेतरी वाटेतच असतो. कोकणातला माणूस जून ते सप्टेंबर पाऊस गृहीत धरून घराबाहेर पडतो. आपण ऊन गृहीत धरून निघतो. त्यामुळे कमी पावसाच्या मुलखातल्या चालकाला पावसाळी कपडा चांगला लागतो आणि नेमका तोच सगळ्यात वाईट असतो, असं माझं मत झालं आहे.

आमच्या आजोबांची पिढी गोणपाटाची खोळ घ्यायची. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की डोक्यावर टोपी आणि पाठीवर झूल तयार. साक्रीकडच्या माळांवर मेंढ्या घेऊन फिरणारे ठेलारी घोंगडी पांघरायचे, आजही पांघरतात. मेंढीच्या लोकरीला अंगचं तेलकटपण असतं, त्यामुळे घोंगडी लगेच झिरपत नाही आणि भिजली तरी ऊब सोडत नाही. दोन्ही वस्तू चालणाऱ्या किंवा उभ्या माणसासाठी झाल्या. गोणपाटाची जागा पुढे खताच्या प्लॅस्टिकच्या गोणीने घेतली. ती कापून छातीशी बांधलेले दूधवाले अजून भल्या पहाटे शहराच्या वेशीवर भेटतात. तो जुगाड आहे हे खरं, पण त्यात शहाणपण आहे. ते पाठ सोडून छाती झाकतात.

ते का, हे समजून घेतलं की रेनकोट निवडण्याचं अर्धं काम झालं. पावसाचा मोठा थेंब ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगाने खाली येतो. आपण साठच्या वेगाने चाललो असलो तर तोच थेंब वरून येण्याच्या दुप्पट वेगाने समोरून येतो. उभ्या माणसाचा पाऊस डोक्यावर आणि खांद्यांवर पडतो. गाडीवरच्या माणसाचा पाऊस छातीवर, मांड्यांवर, गळ्यावर आणि हँडलकडे पुढे केलेल्या बाह्यांच्या तोंडात पडतो. वाऱ्याने ढकललेलं पाणी बाहीतून वर कोपरापर्यंत चढतं. छातीवरून ओघळलेलं पाणी मांड्यांच्या बेचक्यात साचतं, तिथे सीटवर अक्षरशः एक लहानसं डबकं होतं आणि चालक त्या डबक्यावर बसून राहतो.

बसण्याचा हिशेबही करून बघितला. सत्तर किलोचा माणूस आणि सीटला टेकलेली जागा साधारण हजार चौरस सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरवर सत्तर ग्रॅमचा भार येतो. म्हणजे सत्तर सेंटिमीटर उंचीचं पाणी त्या कापडावर उभं करण्यासारखं. बसताना टेकणाऱ्या हाडांच्या जागी तो कितीतरी जास्त. चांगल्या पावसाळी कापडाच्या चिठ्ठीवर १,००० मिमी, ३,००० मिमी, ५,००० मिमी असे आकडे असतात ते याच मापाचे: कापडावर एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर पहिला थेंब पार होतो. हजारवाला कपडा पायी जाणाऱ्याला पुरतो, बसणाऱ्याला काठावर पुरतो. निदान पँट तरी तीन हजारांच्या वरची असावी. चिठ्ठी असेल तर वाचा. बहुतेक स्वस्त सुटांवर ती नसतेच, तिथे डोळ्यांनी आणि हातांनी तपासावं लागतं.

एका सप्टेंबरात एरंडोलच्या अलीकडे मी पडलो. सकाळी ऊन होतं म्हणून जीन्स घातली होती. वरून रस्त्याकडेच्या मांडवातून घेतलेला प्लॅस्टिकचा सूट. पारोळा सोडल्यावर पावसाने गाठलं आणि पंधरा मिनिटांत पँटचं आसन फाटून पाणी आत आलं. जीन्स म्हणजे सुती कापड. आपला मुलूख कापसाचा, सूत पाणी किती पितं हे आपल्याला सांगायला नको. पाच मिनिटांत जीन्स दगडासारखी जड झाली, वाऱ्याने अंग गार पडलं, बोटं आखडली. आणि मी वेग कमी करण्याऐवजी वाढवला. भिजलेल्या माणसाला फक्त पोहोचायचं असतं. पुढे एक बैलगाडी वळली, ब्रेकवरची बोटं मिटायला क्षणभर उशीर झाला आणि गाडी कडेच्या मातीत घसरली. गुडघा खरचटण्यावर निभावलं. पण त्या दिवसापासून मी रेनकोटाकडे हेल्मेटच्या शेजारची वस्तू म्हणून बघतो. कोरडा माणूस थांबू शकतो, वाट बघू शकतो, चाळीसने चालवू शकतो. ओल्या माणसाच्या हातून हे होत नाही.

मृग लागला की जळगावात फुले मार्केटच्या आसपास आणि धुळ्यात पाचकंदील, आग्रा रोडच्या बाजूला रेनकोटांचे मांडव लागतात. निळे, काळे, खाकी सूट दोरीवर टांगलेले असतात आणि गिऱ्हाईक आधी कापड चिमटीत धरून बघतं. जाड आहे का? जाड म्हणजे चांगलं, ही आपली जुनी समजूत. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. खरं तर कापड सहसा गळत नाही. तीनशे रुपयांच्या सुटाचा प्लॅस्टिकचा पत्राही तसा गळत नाही. गळते ती शिवण. सुई जिथून गेली तिथे भोक पडतं आणि दोरा ते पूर्ण बुजवत नाही. एका पँटला अशी हजारो भोकं असतात.

ही तक्रार दोनशे वर्षं जुनी आहे. चार्ल्स मॅकिन्टॉश या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापड केलं, त्याचं पेटंट घेतलं. कापडात दोष नव्हता. पण शिंप्यांनी त्याचे कोट शिवले आणि सुईच्या भोकांतून पाऊस आत आला. शिवाय ते कापड उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत ताठ. आपल्याकडे कोलकात्याला सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये बेंगॉल वॉटरप्रूफचा कारखाना काढला, त्यांचा डकबॅक रेनकोट आपल्या कितीतरी घरांत खुंटीला टांगलेला असायचा. रबराचा, जड, विशिष्ट वासाचा, पण वर्षानुवर्षं टिकणारा. आमच्या तात्यांचा एक होता. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला तो पावसाळाभर बांधलेला असायचा आणि त्याच्या शिवणींवर आतून रबराची पट्टी चिकटवलेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

तीच पट्टी आजही शोधायची. दुकानात सूट हातात घेतला की पहिल्यांदा तो उलटा करायचा. आतल्या बाजूने प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची, पारदर्शक किंवा राखाडी पट्टी उष्णतेने चिकटवलेली दिसली पाहिजे. काही ठिकाणी ती फक्त खांद्यावर आणि पाठीवर असते, जिथे गिऱ्हाईकाची नजर जाते. पँटच्या आसनात नसते. म्हणून शर्ट आधी नका बघू, पँट आधी उलटी करा आणि थेट आसन बघा. साध्या प्लॅस्टिकच्या सुटात काही शिवण नसलेलेही मिळतात. त्यांचे तुकडे यंत्राने दाबून वितळवून जोडलेले असतात, सुईचं भोकच नाही. असा जोड सरळ, एकसारखा आणि पूर्ण लांबीचा असेल तर स्वस्तातही काम होतं, फक्त बसताना ताण आला की तो उकलतो. त्यामुळे तो एक नाही, दोन माप मोठा घ्यावा.

घरी आणल्यावर मी एक परीक्षा घेतो. पँट उलटी करायची, आसनाचा भाग दोन्ही हातांनी धरून त्याची ओंजळ करायची आणि तांब्याभर पाणी ओतायचं. खाली वर्तमानपत्र पसरायचं. मग काही न करता दहा मिनिटं थांबायचं. यंदा जूनमध्ये मी तीन पँट अशा लावल्या. पहिलीतून मिनिटभरात पाणी सुटलं. दुसरीत चार मिनिटं काहीच झालं नाही. मग जिथे पुढची, मागची आणि दोन्ही पायांच्या आतल्या अशा चार शिवणी एकत्र येतात, त्या चौकात एक थेंब जमला, लोंबला आणि कागदावर पडला. त्यानंतर दुसरा. पट्टी लावलेली होती, पण चारही पट्ट्यांची टोकं त्या चौकात एकावर एक नीट बसली नव्हती, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. तिसरी दहा मिनिटांनीही कोरडी राहिली. तिच्या आसनात तो चौक नव्हताच. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा एक वेगळा तुकडा घातलेला होता, त्यामुळे शिवणी एका ठिकाणी न येता बाजूला गेल्या होत्या. असा तुकडा घातलेली पँट दिसली तर तीच घ्या, शंभर-दीडशे जास्त द्यावे लागले तरी. परीक्षा मात्र बिल हातात असताना, त्याच दिवशी करायची. पहिला पाऊस पडेपर्यंत थांबलात तर दुकानदार बदलून देत नाही आणि त्याचंही चूक नाही.

दुकानात करण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे गाडीवर बसून बघणं. आरशासमोर उभं राहून रेनकोटाचं माप कळत नाही. बसलो की पँट चार बोटं वर सरकते, हात पुढे केले की बाह्या मागे जातात, कॉलर मानेपासून सुटते. पाचकंदीलच्या गर्दीतसुद्धा दुकानदाराला 'भाऊ, गाडीवर बसून बघतो' म्हटलं की तो नाही म्हणत नाही. बसून पँटचा काठ बुटाच्या निम्म्यापर्यंत आला पाहिजे. खाली टिच बटण किंवा वेल्क्रो हवा, कारण मोकळा फडफडणारा काठ गरम सायलेन्सरला चिकटतो आणि वितळून भोक पडतं. बाहीच्या आत आणखी एक इलॅस्टिकची बाही असेल तर उत्तम, हातमोजा तिच्यावर आणि बाहेरची बाही हातमोज्यावर. पुढच्या चेनवर झाकण असावं, शक्यतो दुहेरी. टोपी काढून ठेवता आली पाहिजे. हेल्मेटखाली टोपी घातली की हेल्मेट नीट बसत नाही आणि मान वळवली तरी टोपी वळत नाही, मागची गाडी दिसत नाही. बाहेर मोकळी सोडली तर तिच्यात पाणी भरतं आणि मग ते थेट पाठीत.

कापडाविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण याबाबतीत जळगावला वेगळं कौतुक आहे. रेनकोटाचं साधं प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी. जळगावचे पाइप ज्याचे होतात तेच. शेतातला पाइप ताठ आणि रेनकोट मऊ, कारण रेनकोटाच्या पीव्हीसीत मऊपणा आणणारं तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. काळाबरोबर ते हळूहळू बाहेर येतं आणि प्लॅस्टिक पुन्हा ताठ व्हायला लागतं. उष्णतेने हे लवकर होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. बंद डिक्कीत तर त्याहून जास्त. म्हणून मुंबईत टिकणारा सूट जळगावात लवकर तडकतो. दर्जा तोच असतो, हवा वेगळी. फाटलेली बाही मी एकदा पाइपच्या सोल्यूशनने जोडली होती. घरोघरी ठिबकच्या निमित्ताने ती डबी असतेच. जोड पक्का बसला, पण वाळल्यावर ती जागा इतकी कडक झाली की आठवड्याभरात शेजारी नवीन तडा गेला. मऊ प्लॅस्टिकला त्याच मऊ प्लॅस्टिकचं ठिगळ आणि लवचिक राहणारा डिंक लागतो.

दुसरं कापड म्हणजे पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या विणलेल्या कापडावर आतून थर दिलेलं. विणलेलं असल्यामुळे ते तडकत नाही, सहजासहजी फाटत नाही, घडी लहान होते. असं पॉलिस्टर कापड विणणारं मोठं शहर सुरत, ते धुळ्याहून याच हायवेने पश्चिमेला गेलं की लागतं. आपल्या खानदेशातल्या हजारो घरांतली माणसं तिथल्या मागांवर राबतात. थर पीव्हीसीचा असेल तर जड पण मजबूत, पीयूचा असेल तर हलका. पीयूचा थर दमट जागी घडी घालून ठेवला की काही वर्षांनी चिकट होऊन कोंड्यासारखा सुटतो. आतून हात फिरवा, थर एकसारखा आणि कोरडा लागला पाहिजे. दुकानात आधीच्या वर्षाचा माल असेल तर हीच खूण.

घाम हा विषय आपल्याकडे पावसाइतकाच महत्त्वाचा आहे. जूनच्या उकाड्यात प्लॅस्टिकचा सूट चढवून तासभर चालवलं की माणूस आतून भिजतो आणि त्याला वाटतं कोट गळतो आहे. परदेशी महागड्या कपड्यांत घामाची वाफ बाहेर सोडणारा पापुद्रा असतो. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांना सापडलेल्या गोरटेक्सपासून ही परंपरा सुरू झाली. त्याची भोकं थेंबापेक्षा फार लहान आणि वाफेच्या कणापेक्षा फार मोठी. थंड, कोरड्या हवेत हे छान चालतं. पण बाहेरची हवाच गरम आणि ओलाव्याने भरलेली असेल तर वाफेला बाहेर जायला कारणच उरत नाही. त्यामुळे खानदेशातल्या चालकाने त्यासाठी दहा हजार घालावेत असं मला वाटत नाही. त्यापेक्षा काखेखाली आणि पाठीवर, वरून झडप असलेल्या हवेच्या फटी बघाव्यात. आत जीन्स आणि जाड सुती शर्ट न घालता पातळ, पटकन वाळणारे कपडे घालावेत. खेळाडूंची टी-शर्ट दोनशे रुपयांत मिळते आणि ती एकटी मोठा फरक पाडते.

बायकांच्या रेनकोटाविषयी माझी तक्रार आहे. बाजारात त्यांच्यासाठी जे लांब, गुडघ्याखाली येणारे कोट असतात ते बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या बाईसाठी शिवलेले असतात. आज आशा ताई, नर्स, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, बँकेतल्या मुली रोज तीस-चाळीस किलोमीटर स्कूटी चालवतात. बसल्यावर तो कोट गुडघ्यापाशी दुभंगतो आणि सलवार मांडीपर्यंत भिजते. त्यांनी पुरुषांच्या लहान मापाचा शर्ट-पँटचा सूटच घ्यावा, सलवार आत मावेल इतकी ढगळ पँट. साडी नेसून मागे बसणाऱ्या बाईचं आणखी वेगळं. पॉन्चो नावाची ती मोकळी झूल साडीवर सोपी पडते, पण तिचा काठ चाकात जाऊ शकतो. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण गाडीला असलंच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो, तो साडीगार्ड याचसाठी. गाडी देखणी दिसावी म्हणून तो काढून टाकणाऱ्यांनी एकदा आईला, मावशीला मागे बसवून विचार करावा. पॉन्चो घातलाच तर काठ मांडीखाली दाबून कमरेला दोरी बांधावी. चालवणाऱ्याने तर तो घालूच नये.

रंग काळा आणि गर्द निळा जास्त खपतो, कारण चिखल दिसत नाही. पण पावसाळी संध्याकाळी ओल्या डांबरावर काळ्या रेनकोटातला माणूस ट्रकवाल्यालाही दिसत नाही. पिवळा, केशरी, पोपटी मिळाला तर तो घ्या. न मिळाल्यास रेडियमवाल्याकडून पट्टी आणा आणि ती हेल्मेटच्या मागे, डिक्कीच्या मागे चिकटवा. रेनकोटवर लावायची तर चिकटवूनच लावा. मी एका ओळखीच्या माणसाला ती शिंप्याकडून मशीन मारून घेताना बघितलं आहे, भर पाठीवर नवी भोकांची रांग.

हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर रात्री समोरच्या दिव्यांचा नुसता उजेडाचा पसारा दिसतो. शे-दोनशे रुपयांत काच बदलून मिळते, पावसाळ्याआधी बदला. आतून वाफ धरत असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब फडक्यावर घेऊन काच आतून पुसून कोरडी करायची, दिवसभर पुरतं.

आणि कपडा कितीही चांगला असला तरी थांबायची वेळ येते. मृगाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा फार. शेतातल्या एकट्या झाडाखाली चार-पाच गाड्या लावून उभे राहिलेले लोक दिसले की मला धडकी भरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने दामिनी नावाचं ॲप केलं आहे, ते आसपासच्या विजेची सूचना देतं, फोनमध्ये असू द्या. हायवेच्या पुलाखालीही रस्त्याच्या कडेला घोळका करून उभं राहणं धोक्याचंच, पावसात आंधळा झालेला ट्रक तिथूनच जातो. पेट्रोलपंप, ढाबा, गावातली शाळा, जे पक्कं छप्पर मिळेल ते बघावं. रेनकोट अंगात असला की दोन किलोमीटर पुढे जाऊन असं छप्पर गाठायचा धीर राहतो. मी गाडीला किक मारताना आमची आई दारातून एवढंच म्हणते, "पानी उना तं थांबी जाजो." इतकी वर्षं झाली, वाक्य तेच.

आता पैशांचं. रस्त्यावरचा साधा प्लॅस्टिकचा सूट तीन-चारशेला येतो आणि रोज चालवणाऱ्याचा एकच पावसाळा काढतो, कधी तोही नाही. थर दिलेल्या विणीच्या कापडाचा, शिवणीवर पट्टी असलेला सूट हजार ते पंधराशेच्या दरम्यान मिळतो आणि नीट ठेवला तर चार पावसाळे काढतो. म्हणजे वर्षाचा खर्च सारखाच. फरक एवढाच की पहिल्यात दरवर्षी भिजायचं आणि दुसऱ्यात एकदम पैसे काढायचे. ज्याला एकदम काढणं जमत नाही त्याला मी सांगतो की पैसे पँटमध्ये घाल. सातशे-आठशेची चांगली पँट घे, वरचा शर्ट साधा, जोडाचा घे. छाती भिजली तर माणूस तासाभराने वाळतो, आसन भिजलं की दिवसभर ओल्यात बसतो. आठवड्यातून दोनदाच गाडी काढणाऱ्याला यात पडायची गरज नाही, त्याला जोडाचा सूट पुरे. रोज तालुक्याला जाणाऱ्याने मात्र कापडापेक्षा शिवणीला पैसे मोजावेत. मोठ्या प्रवासाचे अडीच-चार हजारांचे सूट फार सुरेख असतात, कुणी भेट दिला तर जरूर घ्यावा.

गणपती उठले की दुकानदार उरलेला माल कमी भावात काढतात. विणीच्या कापडाचा घ्यायचा असेल तर तेव्हा घ्या. प्लॅस्टिकचा तेव्हा घेऊ नका, तुमच्या अंगावर चढण्याआधीच तो एक उन्हाळा खाईल.

परवा आमचा कोट धुतला. साध्या पाण्यात, थोडा अंगाचा साबण, ब्रश नाही, पिळणं नाही. सावलीत दोरीवर उलटा टांगला, बाह्या खाली. पँटच्या त्या चौकात जिथे थेंब जमला होता तिथली फट पुसून कोरडी केली आणि जुन्या फाटक्या कोटाचा रुपयाएवढा गोल तुकडा कापून लवचिक डिंकाने बसवला. वर वरवंटा ठेवून रात्रभर दाबून ठेवला. आता दोन दिवस तो तसाच वाळेल, मग आतून टाल्कम पावडर मारून घडी न घालता माजघरातल्या खुंटीला लागेल, डिक्कीत नाही. आईने सकाळी तो वरवंटा चटणीसाठी मागितला, तेव्हा पँट उचलून त्या ठिगळावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. कागद कोरडा होता.